वाचकांचे प्रश्न : विचारणाऱ्याला उत्तर देताना

या सदरासाठी गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेली पत्रे एकत्र ठेवली, तेव्हा त्यांतली निम्म्याहून अधिक एकाच अडचणीची निघाली. वसतिगृहात, कामाच्या ठिकाणी, शेजारच्या ओट्यावर किंवा स्वतःच्या घरात कोणीतरी ख्रिस्तावरील विश्वासाविषयी शंका काढते, आणि आपल्या माणसांना उत्तर सुचत नाही, किंवा घाईत भलतेच सुचते. त्यांतील काही पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

मी पाळक नाही. जळगाव जिल्ह्यातील न्यायालयांत सव्वीस वर्षे लघुलेखक म्हणून मी साक्षीदारांचे जबाब उतरवून घेतले, आणि या विषयाकडे मी त्याच खुर्चीवरून पाहतो. एका खटल्यात, रात्री विहिरीजवळ झालेली मारामारी प्रत्यक्ष पाहिलेला एक शेतकरी सरतपासणीत अगदी व्यवस्थित बोलला. उलटतपासणीत वकिलांनी त्याला आरोपीच्या सदऱ्याचा रंग विचारला. अंधारात त्याने रंग पाहिलेला नव्हता, पण ‘माहीत नाही’ म्हणणे त्याला कमीपणाचे वाटले असावे, म्हणून तो ‘निळा’ म्हणाला. आणि पंचनाम्यातला सदरा पांढरा निघाल्यावर त्याने डोळ्यांनी पाहिलेली मारामारीही कोणाला खरी वाटेना. तो माणूस खोटारडा नव्हता. प्रभूने शिष्यांना ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ असे सांगितले, आणि पेत्राने आपल्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या, असे लिहिले. आपण पाहिले नाही ते सांगायला न जाणे, हा मला त्या भीडस्तपणाचाच भाग वाटतो.

प्रश्न : मी जळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेसमध्ये जेवताना मित्र म्हणतात, येशू नावाचा माणूस झालाच नाही, ती नंतर रचलेली कथा आहे. दुसरा एक जण म्हणतो, झाला, पण तो भारतात येऊन शिकला आणि काश्मीरमध्ये वारला. मी त्यांना ‘नासाच्या संगणकाला बायबलमधला हरवलेला दिवस सापडला’ हा संदेश पाठवला, तर ते अधिकच हसले. आता मी काय उत्तर देऊ? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : आधी त्या संदेशाविषयी, कारण तुमची अडचण तिथून सुरू झाली आहे. यहोशवाच्या काळी सूर्य आकाशात थांबून राहिला असे बायबल सांगते, तो ‘हरवलेला दिवस’ नासाच्या संगणकाने शोधून काढला ही गोष्ट खरी नाही. असे संशोधन कधी झालेलेच नाही. डार्विनने मृत्युशय्येवर आपला सिद्धान्त मागे घेतला ही कथाही त्याच जातीची असून, त्याच्या मुलीनेच १९२२ साली ती जाहीरपणे नाकारली. असे संदेश आपल्या मंडळ्यांच्या गटांवर भक्तिभावाने फिरतात आणि पाठवणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते हे मला मान्य आहे, पण हा तो निळा सदरा आहे. मित्रांना स्पष्ट सांगा की तो संदेश चुकीचा होता आणि मी तो न तपासता पाठवला. एवढे बोलल्यावर तुमचे पुढचे बोलणे ऐकण्याची त्यांची तयारी वाढेल.

येशू झालाच नाही, या म्हणण्याला मात्र इतिहासाचा आधार नाही. प्राचीन इतिहासाचे जे अभ्यासक स्वतः ख्रिस्ती नाहीत, किंबहुना देवच मानत नाहीत, तेही जवळजवळ एकमताने हे मान्य करतात की नासरेथचा येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि त्याला वधस्तंभावर मारण्यात आले. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ११६ च्या सुमारास लिहिताना, ६४ साली रोम शहराला लागलेल्या आगीचे खापर सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांवर फोडले असे सांगितले आहे, आणि ज्याच्यावरून या लोकांना हे नाव पडले त्या ख्रिस्ताला सम्राट तिबिर्याच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने देहदंड दिला, अशी नोंद केली आहे. टॅसिटसला आपल्याविषयी तिळमात्र प्रेम नव्हते. या श्रद्धेला तो घातक अंधश्रद्धाच म्हणतो. पण विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराच्या तोंडून आलेली कबुली किती वजनाची असते, हे न्यायालयात बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. याच पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. शिवाय प्रेषित पौल नव्या करारातील पत्रात गलतीकरांना लिहिताना, आपण यरुशलेमेत प्रभूचा बंधू याकोब याला भेटलो असे सांगतो. याच याकोबाच्या वधाची हकीकत योसेफस हा यहुदी इतिहासकार इ. स. ९३ च्या सुमारास देतो आणि त्याची ओळख ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ अशी करून देतो.

योसेफसचा दुसरा एक उतारा जपून वापरा. त्यात येशूविषयी अशी वाक्ये आहेत की ती ख्रिस्ती नसलेला यहुदी लिहिणार नाही. मूळ मजकुरात पुढे ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. हे मित्रांनी शोधून काढण्याआधी तुम्हीच सांगा.

काश्मीरची गोष्ट निकोलस नोटोविच नावाच्या रशियन माणसाने १८९४ साली केलेल्या दाव्यापासून पसरली. लडाखमधील हेमिसच्या मठात आपल्याला येशूच्या भारतातील वास्तव्याचे हस्तलिखित वाचून दाखवण्यात आले, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातील एक प्राध्यापक, आर्चिबाल्ड डग्लस, हेमिसला गेले आणि त्यांनी मठाच्या प्रमुखांना विचारले. तेव्हा असे कोणतेही पुस्तक येथे नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. नंतर काही प्रवाशांनी आपणही ते पाहिल्याचे लिहिले, तरी ते मूळ हस्तलिखित तज्ज्ञांसमोर आजवर आलेले नाही. श्रीनगरमधील कबरीचा दावा तर त्याहूनही अलीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदिया पंथाच्या संस्थापकांनी मांडला. नासाच्या संदेशाला पुरावा मागणाऱ्या तुमच्या मित्रांनी या कथेलाही तोच निकष लावावा, असे तुम्ही हक्काने म्हणू शकता. हक्काने अशासाठी, की तुम्ही तो स्वतःला आधी लावलेला असेल.

एवढ्याने येशू देवाचा पुत्र आहे हे सिद्ध होत नाही, आणि झाले असे भासवूही नका. इतिहास तुमच्या मित्रांना पिलाताच्या न्यायासनासमोर उभ्या असलेल्या एका खऱ्या माणसापर्यंत आणून सोडतो. हा माणूस कोण, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

प्रश्न : माझे रेल्वेतील जिवलग सहकारी मुस्लिम आहेत. ते म्हणतात की तुमचे बायबल बदलले गेले आहे. दुसरे एक मित्र म्हणतात की कॉन्स्टंटाइन बादशहाने निकियाच्या परिषदेत आपल्या सोयीची पुस्तके निवडली. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : दुसऱ्या मित्रांचे म्हणणे थोडक्यात निकालात निघते. ३२५ सालच्या निकिया परिषदेत वाद होता तो पुत्राचे पित्याशी नाते काय याविषयी. पुस्तकांची निवड तिथे झाली नाही. चार शुभवर्तमानांचा आग्रह बिशप इरेनियसने इ. स. १८० च्या सुमारास धरलेला दिसतो, आणि नव्या करारात आज आपण वापरतो त्याच सत्तावीस पुस्तकांची यादी बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते.

मजकुराविषयी मात्र सविस्तर आणि खरे बोला. नव्या कराराची ग्रीक भाषेतील पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते उपलब्ध आहेत, आणि त्यांत पुष्कळ पाठभेद आहेत. बहुतेक भेद अक्षराचे किंवा शब्दांच्या क्रमाचे आहेत. थोडे महत्त्वाचे आहेत. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहानातील व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग अगदी जुन्या हस्तलिखितांत नाहीत, आणि हे छापील बायबलांतच कंसाने किंवा तळटीपेने दाखवलेले असते. कोणा एका सत्तेने सर्व प्रती गोळा करून एकसारख्या केल्या नाहीत, म्हणूनच हे भेद आपल्याला दिसतात आणि मूळ मजकूर कसा होता हे तपासता येते. सहकाऱ्यांशी बोलताना हेही लक्षात घ्या की ते ईसाला मरियमचा पुत्र आणि मसीहा म्हणून मान देतात. इतका मोठा समान धागा हाती असताना भांडणापासून सुरुवात करण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : मी परिचारिका आहे. शेजारच्या काकूंचा एकुलता एक मुलगा तापाने दवाखान्यात होता. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली आणि काकूंना म्हणाले, ‘प्रभू त्याला बरे करील, खात्री बाळगा.’ तो गेला. परवा ओट्यावर ज्वारी निवडता निवडता त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, ‘तुना देव तवय कोठे व्हता, माय?’ मी उठून घरात आले. त्यांना काय सांगावे? (एक भगिनी, अमळनेर)

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी अनेकदा वाचले, आणि या अंकात एकच उत्तर देता आले असते तर मी तुम्हालाच दिले असते.

काकू तुम्हाला देव आहे किंवा नाही असे विचारत नाहीत. जगात दुःख का, यावर विद्वानांनी जी उत्तरे दिली आहेत, त्यांतली काही मला पटतात. मानवी इच्छास्वातंत्र्याचे उत्तर आहे, आपल्याला संपूर्ण चित्र दिसत नाही हे उत्तर आहे. पण ज्वारीचे सूप बाजूला ठेवून मुलाविषयी विचारणाऱ्या आईला ती सांगायला जाऊ नये. ‘देवाची इच्छा होती’ हेही सांगू नये, कारण ती काय होती हे तुम्हाला किंवा मला कळवण्यात आलेले नाही. विश्वास कमी पडला असे तर कधीही म्हणू नये. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून प्रभूनेच त्याचे ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. लूकाच्या तेराव्या अध्यायात ते आहे. त्यांच्यावर बुरूज का पडला हे मात्र त्याने सांगितले नाही.

तुम्हाला एक अवघड गोष्ट सांगतो, ती राग न मानता ऐका. ‘प्रभू त्याला बरे करील, खात्री बाळगा’ हे वाक्य तुमच्या हातातले नव्हते. ते प्रेमापोटी निघाले हे मी जाणतो, पण आपण मागू शकतो, जामीन राहू शकत नाही. काकूंचा प्रश्न निम्मा देवाला आहे आणि निम्मा तुमच्या त्या शब्दाला आहे, असे मला पत्रावरून वाटते. म्हणून पुन्हा त्यांच्याकडे जा, आणि देवाचा बचाव करण्याआधी स्वतःविषयी बोला: ‘काकू, मी तुम्हाला खात्री दिली, ती द्यायला नको होती. तो का गेला ते मला माहीत नाही. मलाही तो हवा होता.’ त्यांनी पाठ फिरवली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

बेथानीला लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू रडला, असे योहान सांगतो. तो थोड्या वेळाने लाजराला उठवणार होता, तरीही रडला. मार्थेने आणि मरीयेने त्याला एकच वाक्य ऐकवले होते: ‘आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ काकूंचे वाक्य याहून फार वेगळे नाही, आणि ते ऐकून त्याने दोघींपैकी कोणालाही गप्प केले नाही. वधस्तंभावर त्याने स्वतःच ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असा प्रश्न विचारला. काकूंनी पुढे कधी विचारलेच की तरीही तू अजून प्रार्थना का करतेस, तर हे सांगा: मी ज्याला हाक मारते त्याने हा प्रश्न स्वतः विचारलेला आहे, म्हणून त्याच्यासमोर तो विचारायला मला भीती वाटत नाही. त्यांनी विचारले नाही, तर ज्वारी निवडा.

माझे वडील गेले तेव्हा घरी बरेच जण वचने ऐकवून गेले. आईच्या अखेरपर्यंत लक्षात राहिले ते गल्लीच्या टोकाला राहणारे एक गृहस्थ, जे तेरा दिवस सकाळी नळावरून आमच्या घरचे पाणी भरून देत होते आणि फारसे बोलत नव्हते.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, तुमचे मासिक एका सहकाऱ्याकडे वाचायला मिळते. मी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करतो. तुमच्यातील काही जण सभांमध्ये तेल लावून दुर्धर आजार बरे करण्याचे दावे करतात, तेव्हा तुम्ही गप्प का असता? आणि मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तुम्ही शिकलेली माणसे कसे मानता? (एक वाचक, धुळे)

उत्तर : आपण पत्र लिहिलेत याबद्दल मी आपला आभारी आहे. पहिल्या प्रश्नात आपला आक्षेप बरोबर आहे आणि आमचे गप्प राहणे चूक आहे. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर झालेल्या कायद्याने तथाकथित चमत्कारांचे प्रयोग करून पैसे मिळवणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, हे गुन्हे ठरवले आहेत. आणि तो कायदा ख्रिस्ती व्यासपीठाला वगळत नाही, वगळूही नये. पावसाळ्यात सापाने दंश केलेला माणूस कोणाच्याही प्रार्थनेसाठी एक मिनिटही थांबवून ठेवणे हे पाप आहे, असे मी या मासिकात स्वच्छ लिहितो. आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि पुढेही करू, पण तिसरे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे त्या लूकाला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, हे विसरून नव्हे.

आता पुनरुत्थान. मेलेली माणसे उठत नाहीत हे पहिल्या शतकातील लोकांनाही आपल्याइतकेच ठाऊक होते. अथेन्समध्ये पौलाने हा विषय काढताच काहींनी थट्टा केली. थोमा तर आतल्याच गटातला, पण खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी मानणार नाही असे म्हणाला, आणि त्याचे म्हणणे शुभवर्तमानातून गाळले गेले नाही. तेव्हा हा विश्वास भोळेपणातून उगवला, असे मला म्हणता येत नाही.

करिंथकरांना इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आत, लिहिलेल्या पत्रात पौल साक्षीदारांची यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधव (‘त्यांपैकी बहुतेक आजपर्यंत हयात आहेत’ असे तो मुद्दाम सांगतो), याकोब, आणि शेवटी स्वतः, जो तोवर या लोकांचा छळ करत होता. ज्याला तपासणी टाळायची असते तो साक्षीदार हयात आहेत असे लिहीत नाही. याच अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. स्वतःचा दावा कोणत्या ठिकाणी मोडेल हे विरोधकाला आपणहून दाखवणारा धर्मोपदेशक माझ्या वाचनात फार थोडे वेळा आला आहे.

रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. त्या काळच्या समाजात स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके मोल नव्हते. कथा रचायचीच असती तर मग्दालीया मरीयेला पुढे करण्याचे काही कारण नव्हते. स्त्रिया किती होत्या, देवदूत किती होते, यांविषयी चौघांच्या तपशिलांत फरक आहेत, आणि ते मी लपवत नाही. न्यायालयात चार साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की ते पढवलेले आहेत असा संशय येई. मुख्य घटनेवर एकमत आणि बारीकसारीक तपशिलांत फरक, असे खऱ्या जबाबांचे रूप मी पुष्कळदा पाहिले आहे.

असे फरक असले म्हणून जबाब खरा ठरतोच असे नाही, हे आपण म्हणाल आणि ते योग्य असेल. शिष्यांना भास झाला, असे आपण म्हणू शकता. मला ते स्पष्टीकरण इतक्या वेगवेगळ्या माणसांना, आणि त्यांतही पौलासारख्या शत्रूला, लागू होताना दिसत नाही. पण भूमितीच्या प्रमेयासारखी ही गोष्ट मी आपल्यासमोर सिद्ध करू शकत नाही. पुरावा मला एका ठिकाणापर्यंत आणतो आणि तेथून पुढे मी त्या व्यक्तीवर भरवसा ठेवला आहे. देव असण्याची शक्यताच आपण आधी नाकारली असेल, तर कोणताही जबाब आपल्याला पुरणार नाही, एवढे मात्र आपणही मोकळेपणाने मान्य करावे. माझी एकच विनंती आहे: मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे आणि दोन तासांत सहज वाचून होते, ते आमच्यापैकी कोणाच्याही टीकेशिवाय वाचावे आणि जे पटले नाही ते लिहून कळवावे. १९१६ सालीच अमळनेरला तत्त्वज्ञान केंद्र उभे करणाऱ्या खान्देशात असा पत्रव्यवहार चालू राहणे शोभून दिसेल.

प्रश्न : आम्ही गावित. भाऊ म्हणतो की हा गोऱ्यांचा धर्म आहे, आपले लोक धान्यासाठी आणि औषधासाठी तिकडे गेले, आणि आता तू आदिवासी उरला नाहीस. घरच्या सणाला मी गेलो नाही म्हणून त्याने बोलणे सोडले. (एक वाचक, नवापूर तालुका)

उत्तर : येशू आशियातला, केरळमधील ख्रिस्ती मंडळी वास्को द गामा १४९८ साली येण्याच्या कितीतरी शतके आधीची, आणि फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालचे आहे. ही माहिती भावाला जरूर सांगा, पण तेवढ्यावर थांबलात तर ती अर्धी साक्ष होईल. आपल्या भागात मिशनरी इंग्रजी राजवटीच्या काळात आले, हे खरे आहे. त्यांच्यापैकी काहींनी इथल्या लोकांना आणि त्यांच्या देवांना तुच्छ लेखले, हेही खरे आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला आपले जुने लोक छप्पन्याचा दुष्काळ म्हणत, मिशनांनी अनाथ मुले सांभाळली आणि त्यांतील अनेकांचा बाप्तिस्मा झाला. भुकेल्या पोराने तो मनापासून घेतला की पोटापायी, हा भावाचा प्रश्न अवमान म्हणून झटकून टाकू नका. आज जर कोणी ‘सभेला या, काम होऊन जाईल’ असे सांगून माणसे जमवत असेल, तर त्याला पहिला विरोध तुमचा असावा. घटनेच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे स्पष्ट केले. साक्षीदाराला याहून अधिक हक्काची गरजही नाही.

तुम्ही आदिवासी उरला नाहीत, हे मात्र कायद्यानेही बरोबर नाही: अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमची बोली, तुमचे कूळ आणि तुमचे नातेसंबंध प्रभूने तुमच्याकडून मागितलेले नाहीत. सणाच्या दिवशी पूजेला बसणे तुमच्या विवेकाला पटत नसेल तर बसू नका. पण आदल्या दिवशी लाकडे फोडायला, पाहुण्यांची व्यवस्था पाहायला आणि दुसऱ्या दिवशी पुतण्यांना घेऊन बाजाराला जायला काय हरकत आहे? आणि याहा मोगी या आपल्या भागातील आदिवासींच्या देवीविषयी भावासमोर वाईट शब्द काढू नका. अथेन्समधील मूर्ती पाहून पौलाचे मन पेटून उठले होते, तरी बोलताना त्याने त्यांच्याच कवीची ओळ आधाराला घेतली. इफिसात दंगल झाली तेव्हा तिथल्या शहराच्या लेखकाने जमावाला सांगितले की ही माणसे आमच्या देवीची निंदा करणारी नाहीत. परधर्मीयाने दिलेले हे प्रमाणपत्र प्रेषितांच्या कृत्यांत जपून ठेवले आहे. ते आपल्यापैकी किती जणांना मिळेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. गेल्या नाताळला त्याने सांगितले की आता आपण देव मानत नाही. मी रात्रभर वाद घातला आणि शेवटी नको ते बोललो. यंदा तो येणार आहे. कोणते मुद्दे तयार ठेवू? (एक वडील, शहादा)

उत्तर : मुद्दे वर पुष्कळ दिले आहेत, पण ते त्याच्यासाठी वापरू नका. तो देव मानेनासा कधी झाला आणि कशाने, हे तुम्ही त्याला विचारल्याचे पत्रात कुठेही नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत त्याने काही विचारले असेल आणि ‘असे विचारू नये’ असे उत्तर मिळाले असेल. कदाचित ते तुमच्याकडूनच मिळाले असेल. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपल्या धर्मगुरूंशी आणि मठातील भगिनींशी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) विषयांवर निर्भीडपणे वाद घातला, आणि पुढे त्याच बाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली, आणि मधली पाच वर्षे त्या घराने काय सोसले ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने आल्या. टिळकांसारख्या वक्त्याला आणि कवीला जे वादाने जमले नाही, ते तुम्हा-आम्हाला एका रात्रीत जमेल असे मानू नये.

गेल्या वर्षी जे नको ते बोललात, त्याबद्दल तो घरात पाऊल टाकेल त्याच दिवशी त्याची क्षमा मागा, आणि त्या क्षमायाचनेला उपदेशाची शेपटी जोडू नका. नाताळच्या दिवसांत तुमच्याकडे भरिताची वांगी निघालेली असतील. संध्याकाळी शेतात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला त्यालाच सोबत घ्या, जशी तो शाळेत असताना घेत होतात. त्याने विषय काढला तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका, आणि जे तुम्हाला माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. त्याने विषय काढला नाही, तर त्या रात्री तुम्हीही काढू नका.